फळ, चीज आणि पाण्याचा हिशेब

भाजलेला पाव, त्यावर मऊ चीज आणि वर ताजं फळ, एवढाच हा पदार्थ. शेगडीजवळ दहा-पंधरा मिनिटं, बाकी सगळी जुळवाजुळव. पाहुण्यांना जेवणाआधी हातात द्यायला याहून सोपं काही नाही असं वाटतं, आणि तरीही तो वारंवार फसतो. बशी बाहेर आल्याआल्या उचललेला टोस्ट छान लागतो. दहा मिनिटांनी उचललेला मात्र हातात वाकतो, फळ घसरून बशीत पडतं आणि पावाचा खालचा भाग ओलागच्च झालेला असतो. अशा वेळी दोष बहुधा चीजला दिला जातो. बाहेरदेशी मिळतं तसं चीज आपल्याकडे मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही, म्हणून पदार्थ जमला नाही, असं म्हणून आपण मोकळे होतो. मला हे निदान पटत नाही. इटलीतल्या तस्कनीत पावाच्या भाजलेल्या लहान तुकड्यांवर काहीबाही लावून जेवणाआधी खायची जुनी पद्धत आहे. तिथे रिकोटा वापरतात, आणि रिकोटा म्हणजे चीज काढून झाल्यावर उरलेलं पाणी पुन्हा तापवून मिळवलेला साधा, स्वस्त छेना. तेव्हा महाग चीजवर हा पदार्थ अडून बसलेला नाही. तो अडतो पाण्यावर. पाव, चीज आणि फळ या तिघांत पाणी किती आहे, ते कशात अडकून राहिलंय आणि कधी सुटणार आहे, याचा हिशेब जमला की घरच्या दुधाच्या छेन्याचे टोस्टसुद्धा देखणे आणि चविष्ट होतात.

आकडे पाहिले की गोष्ट स्पष्ट होते. स्ट्रॉबेरीत सुमारे 91 टक्के पाणी असतं, पिकलेल्या ताज्या अंजिरात 79 टक्क्यांच्या आसपास, ताज्या मऊ छेन्यात वजनाच्या निम्म्याहून बरंच जास्त. साध्या पावात ते 35 ते 38 टक्के असतं आणि नीट भाजल्यावर त्यातलं बरंचसं उडून जातं. म्हणजे आपण सगळ्यात कोरड्या वस्तूवर दोन ओल्या वस्तू रचतो. पाणी ओल्याकडून कोरड्याकडे जाणारच, आणि टोस्ट जितका कुरकुरीत तितका तो ते लवकर ओढून घेणार. त्यातून आपण कापलेल्या फळावर मीठ, साखर किंवा चाट मसाला भुरभुरवतो आणि पाणी सुटायला आणखी निमित्त देतो. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ ऐन पानं वाढताना घालायचं असतं आणि सुटलेलं पाणी धरायला दाण्याचं कूट लागतं, हे मराठी स्वयंपाकघराला शिकवावं लागत नाही. तीच समज इथे वापरायची आहे.

सुरुवात पावापासून. लादीपाव या कामाला फार मऊ आहे, त्याचे काप नीट पडत नाहीत. आदल्या दिवशीचा साधा ब्रेड चालतो, पण मुंबई-पुण्याच्या इराणी बेकऱ्यांतला कडक ब्रुन पाव किंवा गोव्यातली कोंड्याची पोय मिळत असेल तर तीच घ्या. दोन्हींचा पापुद्रा घट्ट असतो आणि आतला भाग ब्रेडइतका ओलसर नसतो. काप एक सेंटिमीटरभर जाडीचे, दोन घासांत संपतील एवढेच मोठे. भाजताना घाई नको, सगळं यश तिथेच आहे. मोठ्या आचेवर पाव बाहेरून तांबूस होतो पण आत ओला राहतो, आणि गार होताना आतली वाफ बाहेर येऊन तोच पापुद्रा चिवट करते. मध्यमपेक्षा जरा कमी आचेवर जाड बुडाच्या तव्यात प्रत्येक बाजू तीन-चार मिनिटं, किंवा ओव्हनमध्ये 180 अंशांवर आठ-दहा मिनिटं भाजा. बोटाने मध्यभागी दाबल्यावर काप दबायला नको. भाजलेले काप एकावर एक रचले किंवा लगेच डब्यात भरले तर त्यांच्याच वाफेने ते सादळतात. ते जाळीवर किंवा उपड्या चाळणीवर मोकळे ठेवा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम टोस्टवर चीज लावणं हीसुद्धा चूकच, कारण उष्णतेने चीज सैल होतं आणि पाणी सोडतं. चहात बुडवायचा बेकरीचा टोस्ट वापरायचा मोह होईल, पण तो दोनदा भाजून इतका कोरडा केलेला असतो की ओल लागली की फार लवकर विरघळतो. शिवाय तो गोड असतो.

पाव आणि चीज यांच्यामध्ये स्निग्धाचा एक पातळ थर हवा. तो पाण्याला अडवतो. इथे लोण्यापेक्षा तूप सरस ठरतं. बाजारच्या लोण्यात साधारण 16 टक्के पाणी असतंच, तुपात ते जवळजवळ नसतं. पाव भाजून होत आला की ब्रशने किंवा चमच्याच्या पाठीने तुपाचा हात फिरवा आणि आणखी अर्धं मिनिट तव्यावर ठेवा. अंजीर, चिकू, केळं, आंबा यांच्याखाली तुपाचा वास खुलतो. स्ट्रॉबेरी आणि द्राक्षांखाली मात्र तो आडवा येतो. तिथे बिनवासाचं तेल किंवा थोडं ऑलिव्ह तेल घ्या.

आता चीज. एक लिटर गायीच्या दुधापासून साधारण पावणेदोनशे ग्रॅम मऊ छेना निघतो आणि तो डझनभर लहान टोस्टना पुरतो. म्हशीच्या दुधाचा छेना घट्ट आणि रबरी होतो, म्हणून भाजीच्या पनीरला म्हशीचं आणि या कामाला गायीचं दूध बरं. दूध नुसतं कोमट करून चालणार नाही, ते खरंखुरं उकळलं पाहिजे. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे 80 टक्के केसिन असतं, उरलेली प्रथिनं एरवी पाण्याबरोबर निघून जातात. दूध उकळलं की तीही केसिनला चिकटतात. त्यामुळे छेना जास्त निघतो, मऊ राहतो आणि स्वतःचं पाणी स्वतः धरून ठेवतो, जे आपल्याला हवंच आहे. उकळी आली की आच बंद करा आणि चार-पाच मिनिटं थांबा. दोन मोठे चमचे लिंबाचा रस तितक्याच पाण्यात मिसळून थोडा थोडा घाला आणि डाव हलक्या हाताने फिरवा. दूध खूप तापलेलं असताना आंबट पडलं की दाणे कठीण होतात, जरा निवल्यावर पडलं की नरम होतात. हिरवट, स्वच्छ पाणी वेगळं दिसू लागलं की लिंबू घालणं थांबवा, उरलेला रस संपवायचा म्हणून घालू नका. फाटलेलं दूध पुन्हा उकळूही नका.

हे मलमलच्या फडक्यात ओता, वरून भांडंभर गार पाणी घालून लिंबाचा आंबटपणा धुऊन टाका आणि पुरचुंडी बांधून नळाला वीसेक मिनिटं टांगा. वर वजन ठेवायचं नाही, आपल्याला वडी पाडायची नाही. किती टांगायचं हे घड्याळापेक्षा एका साध्या परीक्षेने ठरवा. चमचाभर छेना कोरड्या कागदी रुमालावर ठेवा आणि पाच मिनिटांनी पाहा. भोवती बोटभर ओलं वर्तुळ पसरलं असेल तर अजून टांगा. नुसती कडा ओलसर असेल तर बस्स झालं. छेना चुरचुरीत कोरडा वाटला तर चमचाभर साय घाला. मग दोन चिमूट मीठ घालून तळहाताने किंवा मिक्सरमध्ये एक-दोन फिरक्यांत तो गुळगुळीत करा. मीठ चीजमध्येच घालायचं, फळावर नाही. एवढी एक शिस्त पाळली तरी बशीतला निम्मा चिखल टळतो.

दूध फाडायचा कंटाळा असेल तर दह्याचा चक्का आहेच. अर्धा किलो घट्ट दही फ्रिजमध्ये पाच-सहा तास टांगलं की जो चक्का मिळतो, तो पोताने अगदी लोण्यासारखा असतो, फक्त आंबट असतो. म्हणून त्याची जोडी गोड फळांशी लावा: अंजीर, चिकू, पिकलेला आंबा. आंबट स्ट्रॉबेरीखाली आंबट चक्का घातला की दोघांचंही काही कळत नाही, तिथे गोडसर छेनाच हवा. पारशी घरांतलं टोपली पनीर मुंबईत कुठे ताजं मिळालं तर जरूर घ्या. लहान टोपल्यांत लावलेलं आणि पाण्यात तरंगत ठेवलेलं हे मऊ, खारट पनीर फळाबरोबर फार सुरेख लागतं. मात्र ते वापरण्यापूर्वी फडक्यावर अर्धा तास निथळू द्यावं लागतं. वरचा पदार्थ परक्या धाटणीचा आहे, इथे त्याला लागणारं चीज कुठून आणायचं, या शंकेला हे पनीर आणि आपला चक्का पुरेसं उत्तर आहेत.

दुकानातल्या चौकोनी प्रोसेस्ड चीजने काम भागणार नाही का, असं कुणी विचारेल. ते पाणी सोडत नाही हे खरं, त्यामुळे माझ्या हिशेबात ते पहिलं यायला हवं. पण त्याचा खारटपणा आणि वास फळाला दाबून टाकतात, आणि ज्या पदार्थात फळ ओळखू येत नाही तो करण्यात मला अर्थ दिसत नाही. क्रीम चीजची गोष्ट निराळी. त्यात स्निग्धांश भरपूर असतो आणि पाणी धरून ठेवणारे घटक घातलेले असतात, त्यामुळे ते तासभरही बिघडत नाही. पन्नास माणसांचं जेवण असेल तर ते घ्या. आठ-दहा माणसांसाठी घरचा ताजा छेना चवीत त्याच्या पुढे जातो आणि खर्चात बराच मागे राहतो.

फळ निवडताना आपण रंग पाहतो, पण पाहायची असते ती साल. डाळिंबाचा प्रत्येक दाणा आपल्या पातळ आवरणात बंद असतो. तो दातांखाली येईपर्यंत थेंबही सोडत नाही. पहिल्यांदाच हे टोस्ट करणाऱ्याने म्हणून डाळिंबाने सुरुवात करावी: छेना, डाळिंबाचे दाणे, मिरपूड, बारीक चिरलेला पुदिना. पेरूचा गर घट्ट असतो, पातळ कापही रस गाळत नाहीत. पेरूखाली छेन्यावर चिमूटभर जवसाची कोरडी चटणी पेरली तर ती थोडंफार पाणी धरते आणि चवीला तिखट, खमंग आधार देते. अंजीर या पदार्थासाठीच जन्माला आलंय असं मला वाटतं. पुरंदर तालुक्यातल्या अंजिरांना 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सासवड-दिवे परिसरातली ही फळं खट्टा आणि मीठा अशा दोन बहारांत येतात. हिवाळ्यातल्या खट्ट्या बहारापेक्षा उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारा मीठा बहार गोडीला जास्त, टोस्टसाठी तोच पकडावा. अंजीर देठाकडून दाबून पाहा. किंचित दबतं पण फुटत नाही, ते घ्या. देठ बोटभर खाली कापून टाका आणि अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या करा. आतला बियांचा गर थोडा चिकट असतो, पाणीदार नसतो, म्हणून तो चीजवर बसतो आणि तिथेच राहतो.

महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीला मानांकन 2010 मध्येच मिळालंय आणि हिवाळाभर ती गावोगावी पोचते, पण टोस्टवर तीच सगळ्यात अवघड. साल नावालाच, पाणी भरपूर. ती धुवायची असेल तर देठासकट धुवा. देठ काढून धुतली तर पाणी आत शिरतं. मग पूर्ण कोरडी करून उभी चिरा आणि कापलेली बाजू वर करून ठेवा म्हणजे रस चीजमध्ये झिरपण्याऐवजी फळातच राहतो. तरीही स्ट्रॉबेरीचे टोस्ट बशीत दहा मिनिटांहून जास्त ठेवू नका. नागपूरची संत्री इथे मी टाळेनच. फोडीवरची पातळ साल काढली की रस वाहतो, ठेवली तर चिवट लागते. द्राक्षांचं मात्र उत्तम होतं, फक्त ती भाजून घ्यावी लागतात. अर्धी चिरलेली द्राक्षं 200 अंशांच्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं किंवा कोरड्या तव्यावर मोठ्या आचेवर पाच-सहा मिनिटं परतली की त्यातलं पाणी उडतं, गोडी दाटते आणि कडा तांबूस होतात. फळ फार रसाळ असेल तेव्हा भाजणं हाच राजमार्ग.

अननस, पपई आणि किवी या तिघांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्यांची अडचण पाण्याच्या पलीकडची आहे. मटण लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई लावतात. तिच्या चिकातलं पपेन मांसातली प्रथिनं तोडतं. अननसात ब्रोमेलिन, किवीत ॲक्टिनिडिन असंच काम करतं, आणि चीज म्हणजे प्रथिनंच. कच्चं अननस छेन्यावर ठेवलं की थोड्याच वेळात छेना पातळ होतो आणि कडू लागतो. म्हणजे मऊ चीज फळाखाली विरघळत असेल तर दरवेळी चीज बिघडलेलं असतं असं नाही. शिजवल्यावर ही द्रव्यं निकामी होतात, म्हणून अननसाच्या चकत्या तव्यावर नीट भाजून, गार करून वापरायला हरकत नाही. अंजिराच्या चिकातही फिसिन नावाचं असंच द्रव्य असतं. प्राचीन ग्रीक लोक अंजिराचा चीक घालून दूध विरजत असत, इलियडमध्येही त्याचा उल्लेख आहे. पांढरा चीक मुख्यतः कच्च्या फळात आणि देठाशी असतो. वर देठ खोल कापायला सांगितलं ते यासाठीच.

दूध आणि फळ एकत्र खाऊ नये, हा आक्षेप आपल्या घरांत हमखास निघतो. त्याला हसून उडवणं योग्य नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, 26व्या अध्यायात विरुद्ध आहाराची चर्चा आहे आणि तिथे दुधाबरोबर आंबट फळं वर्ज्य सांगितली आहेत. आधुनिक आहारशास्त्रात छेना आणि फळ यांचा संयोग अपायकारक मानलेला नाही. दूध पोटात जाऊन आंबटाने फाटेल ही भीती असेल तर छेना आधीच फाडलेला असतो. पण एखाद्या घरात हा नियम श्रद्धेने पाळला जात असेल तर पाहुण्यांपुढे वाद घालण्यापेक्षा बशीचा एक कोपरा त्यांच्यासाठी वेगळा ठेवावा. त्या टोस्टवर तुपात परतलेले बारीक चिरलेले खजूर आणि भाजलेले काजू, चीज नाही. तेही चांगलेच लागतात.

दुसरा आक्षेप जास्त मुद्द्याचा आहे. पाणी, पाणी म्हणून फळाचा रसच मारून टाकला तर ताजं फळ घालायचं कशाला? रस नकोच असं माझं म्हणणं नाही. तो बशीत न सुटता तोंडात सुटावा, एवढंच. म्हणून फळ पातळ चिरून पसरण्यापेक्षा जरा जाड ठेवावं. जितके काप जास्त तितक्या चिरलेल्या कडा जास्त, आणि पाणी सुटतं ते त्या कडांतून. म्हणूनच फळ चिरणं हे सगळ्यात शेवटचं काम. दुपारी फळं चिरून डब्यात भरून ठेवली तर संध्याकाळी डब्याच्या तळाशी रस असतो आणि वर चोथा.

तरी यजमानाची अडचण खरी आहे. पाहुणे एकदम येत नाहीत आणि ऐन वेळी ओट्याशी उभं राहायची कुणाची इच्छा नसते. यावर उपाय म्हणजे कामं वेगळी करून ठेवणं. टोस्ट सकाळी भाजून, पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले तर संध्याकाळपर्यंत कुरकुरीत राहतात. सादळलेच तर दोन मिनिटं तव्यावर. चीज फ्रिजमध्ये, पण लावण्याआधी वीस मिनिटं बाहेर, नाहीतर ते पसरत नाही आणि थंडपणामुळे चवही दबते. ते टोस्टच्या कडेपासून कडेपर्यंत लावा, मध्ये गोळा ठेवू नका. कुठे उघडा पाव राहिला तर फळाचा रस तिथूनच आत जातो. जाडी साधारण अर्धा सेंटिमीटर. त्यावर फळ, फळावर मिरपूड, लिंबाची किसलेली साल किंवा भाजलेल्या अक्रोडाचे तुकडे. मध सगळ्यात शेवटी, वाढताना, काट्याने पातळ धार. मधसुद्धा फळातलं पाणी ओढून घेतो, तेव्हा तो आधी घालून ठेवू नका. चाट मसाला ज्यांना हवा त्यांनी आपल्या हाताने घालावा, छोटी वाटी बाजूला ठेवा. एका वेळी आठ-दहाच टोस्ट रचा आणि ते संपत आले की पुढचे. घरात जाणती मुलं असतील तर टोस्ट, चीज आणि फळं तीन ताटल्यांत मांडून रचण्याचं काम त्यांच्याकडे द्या, त्यांना ते आवडतं.

ताजं चीज नाशवंत आहे हे विसरू नका. रचलेले टोस्ट किंवा बाहेर काढलेलं चीज खोलीत दोन तासांहून जास्त राहू देऊ नये, एप्रिल-मेच्या उकाड्यात तासाभरातच संपवावं. गर्भवती स्त्रियांनी न तापवलेल्या दुधाचं मऊ चीज टाळावं असं डॉक्टर सांगतात. घरी उकळलेल्या दुधाच्या ताज्या, स्वच्छ हाताळलेल्या छेन्यात ती भीती नसते, पण बाहेरून आणलेल्या पनीराचं दूध पाश्चराइज्ड होतं का, हे विचारून घ्या. एक वर्षाखालच्या बाळाला मध लावलेला तुकडा चाटवू नका. उरलेला छेना फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतो, पराठ्यात किंवा भुर्जीत संपतो. दूध फाटल्यावर उरलेल्या पाण्यात कणीक भिजवली तर पोळ्या मऊ होतात. पुरचुंडीतून पहिल्यांदा निथळलेलं पाणीच त्यासाठी ठेवा, धुतल्यानंतरचं नको.